डीएनएची दुरुस्ती अडवणारी औषधं: कुठे चालतात, कुठे चालत नाहीत आणि का

प्रश्न थोडक्यात असा आहे: डीएनए बिघडल्यामुळे कर्करोग होतो, मग डीएनए दुरुस्त करणाऱ्या एन्झाइमांनाच अडवणारी संयुगं कर्करोगावर औषध कशी ठरतात? ती चालत असतील तर सगळ्याच रुग्णांना का देत नाहीत? आणि जोडीला एक उपप्रश्न: निकोटिनामाइड, म्हणजे बी३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार, हाही असाच रोधक आहे असं वाचलं, तर तो घेऊन काही उपयोग होईल का?

मी रुग्ण तपासणारी डॉक्टर नाही. डीएनए-दुरुस्तीच्या एन्झाइमांवर नवी संयुगं तपासणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम, त्यामुळे उत्तर प्रयोगशाळेच्या बाजूने येईल. औषध सुरू करणं, थांबवणं, डोस बदलणं हे उपचार करणाऱ्या कर्करोगतज्ज्ञांशीच बोलायचं. एक गोष्ट मात्र आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरणार आहे. एखाद्या एन्झाइमला अडवणारा रेणू सापडणं हा या कामातला सोपा भाग. निरोगी पेशींची दुरुस्ती चालू ठेवून गाठीतल्या पेशींचीच तेवढी बंद पाडायची, इथे भलेभले रेणू आपटले आहेत.

आधी तुमचा विरोधाभास. आपल्या प्रत्येक पेशीत रोज हजारो ठिकाणी डीएनए बिघडत असतो, आणि त्यासाठी सिगारेट किंवा कडक ऊन लागतंच असं नाही. पेशीतलं पाणी आणि ऑक्सिजन पुरतात. कुठे बेस, म्हणजे डीएनएचं एखादं अक्षर, गळून पडतो, कुठे एखाद्या बेसची रचना बदलते, कुठे दोनपैकी एका धाग्याला चीर पडते. हे सगळं निस्तरणाऱ्या वेगवेगळ्या यंत्रणा आहेत. त्यातल्या तीन उलगडल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कर्करोग होतो तेव्हा पेशी जिवंत राहते आणि एखादी छोटी चूक तिच्यात उरते. अशा चुका वर्षानुवर्षं साठत जातात. उपचारात हवं असतं ते याच्या उलट. नुकसान इतकं मोठं आणि इतकं एकदम व्हावं, की ती चूक घेऊन जगायला पेशी उरूच नये. किरणोपचार आणि बरीचशी केमोथेरपी कित्येक दशकं हेच करत आली आहे. तेव्हा साहजिकच विचार आला: केमोने डीएनए तोडायचा आणि दुसऱ्या औषधाने दुरुस्ती थांबवायची, म्हणजे केमोचा जोर वाढेल.

हा विचार सरळ आहे, आणि तो कसा फसला हे पाहिल्याशिवाय पुढचं यश नीट कळत नाही. टेमोझोलोमाइड हे मेंदूच्या गाठींवरचं औषध डीएनएतल्या ग्वानीन या बेसला एका ठरावीक जागी मिथाइल गट चिकटवतं. एमजीएमटी नावाचं प्रथिन तो गट उचलून स्वतःच्या अंगावर घेतं आणि त्यानंतर कायमचं निकामी होतं. एक रेणू, एकच दुरुस्ती. या प्रथिनाला फसवायला ओ-६-बेन्झिलग्वानीन हे संयुग तयार झालं आणि १९९० मध्ये ते प्रसिद्ध झालं. रेणू म्हणून ते फार देखणं आहे. रुग्णांच्या गाठींतलं एमजीएमटी त्याने खरोखर संपवून दाखवलं. पण ते अस्थिमज्जेतलंही संपवलं. रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी उघड्यावर पडल्या, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स कोसळल्या, आणि जोडीच्या केमोचा डोस इतका खाली आणावा लागला की मिळवलेला फायदा तिथेच खर्ची पडला. रोधकाने आपलं काम चोख केलं होतं, उपचार मात्र फसला. पुढे काही संशोधकांनी ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक गाठीच्या मोजक्या रुग्णांच्या रक्तमूळपेशींत एमजीएमटीचं असं बदललेलं रूप घातलं ज्यावर हे संयुग चालतच नाही, आणि मग त्या रुग्णांना ही जोडी बरीच जास्त सोसली. अडचण कुठे होती हे याहून स्पष्ट कसं दाखवणार?

आता पार्पकडे येऊ. पॉली एडीपी-रायबोज पॉलिमरेज असं लांबलचक नाव असलेल्या या एन्झाइमाची क्रिया १९६३ मध्ये स्ट्रासबुर्गमध्ये पिएर शाँबाँ यांच्या गटाला दिसली. या कुटुंबात बरेच सदस्य आहेत, पण औषधांच्या दृष्टीने महत्त्वाचा पार्प१ आणि काही प्रमाणात पार्प२. डीएनएच्या एका धाग्याला चीर पडली की पार्प१ सेकंदांत तिथे पोहोचतं, चिरेवर बसतं, त्याचा आकार बदलतो, आणि ते एनएडी हा रेणू फोडून त्यातल्या तुकड्यांची लांब साखळी स्वतःवर आणि शेजारच्या प्रथिनांवर बांधू लागतं. त्या साखळीकडे दुरुस्तीची बाकीची प्रथिनं ओढली जातात. साखळीवर ऋणभार असतो, डीएनएवरही असतो, त्यामुळे साखळी पुरेशी वाढली की पार्प१ आपोआप डीएनएवरून सुटतं. हा सुटण्याचा भाग लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

१९८० मध्ये ३-अमिनोबेन्झामाइड या साध्या रोधकाने दाखवलं की पार्प अडवलं तर तुटलेले धागे लवकर जुळत नाहीत. म्हणून पहिली वीसेक वर्षं पार्प-रोधकांकडेही केमोचा जोडीदार म्हणूनच पाहिलं गेलं. पुढे रुकापरिब नावाने ओळखलं गेलेलं संयुग २००३ मध्ये प्रथम रुग्णांना दिलं गेलं तेही टेमोझोलोमाइडच्या जोडीनेच. इथेही तीच रड: अस्थिमज्जा सोसेना.

वळण आलं २००५ मध्ये. नेचर या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले, एक शेफिल्ड आणि न्यूकॅसलच्या गटांचा, दुसरा लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमधल्या गटाचा. दोघांनी केमो बाजूला ठेवली आणि नुसता पार्प-रोधक पेशींवर टाकला. साध्या पेशींना काही फारसं झालं नाही. ज्या पेशींत बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ चालत नव्हतं, त्या मात्र कितीतरी कमी मात्रेत मेल्या. फरक दुप्पट-तिप्पट असता तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. तो कित्येक दसपटींचा होता.

कारण असं. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही प्रथिनं डीएनएचे दोन्ही धागे तुटल्यावर लागतात. शेजारच्या तंतोतंत प्रतीवरून पाहून तुटलेला भाग पुन्हा लिहून काढायचा, या बिनचूक पद्धतीला समरूप पुनर्संयोजन म्हणतात. पार्प बंद पडल्यावर जे बिघाड उरतात ते पेशी आपला डीएनए दुप्पट करायला घेते तेव्हा मोठ्या तुटीत बदलतात. बीआरसीए शाबूत असेल तर पेशी त्या तुटी भरून काढते आणि पुढे जाते. नसेल तर तिला चुकीच्या, तुकडे कसेही जोडणाऱ्या पद्धतींवर विसंबावं लागतं, गुणसूत्रं वेडीवाकडी जोडली जातात आणि एक-दोन विभाजनांत पेशी संपते. एकेकटा बिघाड सोसतो, दोन एकत्र आले की पेशी मरते. फळमाश्यांवर काम करणाऱ्या जनुकशास्त्रज्ञांना हे १९२० च्या दशकापासून माहीत होतं, आणि १९९७ मध्ये लेलँड हार्टवेल आणि सहकाऱ्यांनी कर्करोगाची औषधं या मार्गाने शोधावीत असं मांडलंही होतं. पण प्रत्यक्ष औषध हाती लागायला पार्प-बीआरसीए ही जोडी सापडावी लागली.

इथे हमखास एक शंका येते, आणि ती योग्य आहे. बीआरसीएचं उत्परिवर्तन आईवडिलांकडून आलेलं असेल तर ते शरीराच्या प्रत्येक पेशीत असणार. मग औषधाने सगळ्याच पेशी मरायला नकोत का? नाही, कारण प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात. वारशाने एक बिघडलेली आली तरी दुसरी चांगली असते, आणि दुरुस्तीला तेवढी एक पुरते. गाठ तयार होताना मात्र तिच्या पेशींनी ती दुसरी प्रतही गमावलेली असते. म्हणजे निरोगी पेशी आणि गाठीची पेशी यांच्यातला जो फरक एमजीएमटीच्या बाबतीत नव्हता, तो इथे रोगानेच तयार करून ठेवलेला आहे. याची दुसरी बाजू कमी ऐकायला मिळते: काही रुग्णांत वारशाचं उत्परिवर्तन असतं, पण गाठीने दुसरी प्रत गमावलेली नसते. त्या गाठीचा बीआरसीएशी संबंध योगायोगाचा असू शकतो, आणि तिथे ही औषधं निराशा करतात.

आता त्या सुटण्याच्या भागाकडे. बरीच वर्षं आम्ही सगळे समजत होतो की पार्प-रोधक फक्त साखळी बांधणं थांबवतात. पण मग एक कोडं सुटत नव्हतं: पार्प१ चं जनुकच काढून टाकलेल्या पेशी रोधकापुढे जास्त टिकाव धरत होत्या. लक्ष्यच नसताना औषधाचं चालणार कसं, हे ठीक. पण एन्झाइम नसणं आणि एन्झाइम बंद असणं यांत इतका फरक का पडावा? उत्तर २०१२ च्या सुमारास यीव पोमिए यांच्या गटाच्या कामातून पक्कं झालं. साखळी बांधता आली नाही की पार्प१ चिरेवरून सुटतच नाही. कुलूप दुरुस्त करायला आलेला माणूस दारातच अडकून बसावा, आणि त्याच्यामुळे घरातलं कुणी ना आत ना बाहेर, असं काहीसं होतं. डीएनएची नक्कल करत येणारी यंत्रणा त्या अडकलेल्या प्रथिनावर येऊन थांबते. तेव्हा खरं विष म्हणजे डीएनएवर अडकलेलं पार्प१. अलीकडे त्यात आणखी भर पडली आहे: नक्कल होताना धाग्यात राहून जाणाऱ्या फटी, आणि त्या बुजवता न येणं, हेही बीआरसीए नसलेल्या पेशींच्या मृत्यूचं मोठं कारण असावं असं बरेच जण मानतात. हा वाद मिटलेला नाही, आणि मला तो मिटण्याची घाईही वाटत नाही. दोन्ही बाजूंचे प्रयोग चांगले आहेत.

अडकवण्याच्या या गुणामुळे औषधाऔषधांत फरक पडतो. एन्झाइमाची क्रिया थांबवण्यात ओलापरिब, निरापरिब, रुकापरिब आणि टालाझोपरिब हे पार्प-रोधक एकमेकांच्या आसपास असले तरी अडकवण्यात टालाझोपरिब इतरांच्या फार पुढे आहे आणि वेलिपरिब बरंच मागे. म्हणूनच टालाझोपरिब दिवसाला १ मिलिग्रॅम पुरतं, तर ओलापरिबच्या गोळ्या ३०० मिलिग्रॅम दोनदा घ्याव्या लागतात. मात्र जास्त अडकवणारं म्हणजे जास्त चांगलं असा अर्थ काढू नका. निरोगी रक्तमूळपेशींतही ते तितकंच जास्त अडकवतं. डोस लहान ठेवावा लागतो, आणि शेवटी हिशेब पुष्कळसा बरोबरीत येतो.

प्रयोगशाळेतल्या दोन गोष्टी इथे सांगायलाच हव्यात, कारण "अमुक संयुग डीएनए-दुरुस्तीचं एन्झाइम रोखतं" अशा बातम्यांपैकी बऱ्याचशा त्यांच्यावरच अडतात.

पहिली, शुद्ध एन्झाइमावरचा आकडा म्हणजे औषध नव्हे. ते संयुग जिवंत पेशीत शिरतं का, आणि शिरून तेच एन्झाइम अडवतं का, हे वेगळं दाखवावं लागतं. पार्पच्या बाबतीत पेशीतल्या साखळ्यांचं प्रमाण मोजून ते तासाभरात कळतं. हे नीट न झाल्याची किंमत या क्षेत्राने इनिपरिबच्या रूपाने मोजली. पार्प-रोधक म्हणून पुढे आलेल्या या रेणूने १२३ रुग्णांच्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत, स्तनाच्या ट्रिपल निगेटिव्ह (संप्रेरकांचे दोन आणि हर२ हे तिन्ही ग्राहक नसलेल्या) कर्करोगात, चांगलीच आशा दाखवली; २०११ मध्ये ५१९ रुग्णांची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी मात्र अपयशी ठरली. नंतर तपासल्यावर कळलं की रुग्णांच्या शरीरात पोहोचणाऱ्या मात्रेत ते पार्पला जेमतेम अडवतच नव्हतं. तोवर पार्प-रोधकांची अख्खी कल्पनाच फोल आहे असं म्हणणारे पुष्कळ निघाले होते.

दुसरी, वेळ. नेहमीची चाचणी अशी असते की पेशींवर संयुग टाकायचं आणि तीन दिवसांनी किती जिवंत आहेत ते मोजायचं. पार्प-रोधकाला तेवढ्यात फारसं काही करता येत नाही, कारण पेशी मरायला तिला विभाजनांतून जावं लागतं. एकेका पेशीपासून वसाहत वाढते का हे पाहणारी, दहा-चौदा दिवस चालणारी चाचणी लावली तरच खरा फरक दिसतो. आणि ती लावायची जोडीवर: सगळं सारखं, फक्त एकीत बीआरसीए२ आहे आणि दुसरीत नाही. या जोडीशिवाय केलेल्या प्रयोगात संयुगाने कर्करोगाच्या पेशी मारल्या असं दिसलं तर माझा पहिला प्रश्न असतो, निरोगी पेशींचं काय झालं? ब्लीचही कर्करोगाच्या पेशी मारतं.

रुग्णांतली कहाणी थोडक्यात सांगते. २००९ मध्ये ओलापरिबच्या पहिल्या टप्प्यातल्या ६० रुग्णांचे निकाल आले. गाठ आक्रसली ती बीआरसीए उत्परिवर्तन असलेल्यांचीच. तरीही २०११ च्या अखेरीस अंडाशयाच्या कर्करोगातलं या औषधाचं काम थांबवलं गेलं होतं, कारण सगळ्या रुग्णांच्या सरासरीत आयुष्य वाढलेलं दिसत नव्हतं. मग त्याच चाचणीचे आकडे बीआरसीएनुसार वेगळे काढले गेले. उत्परिवर्तन असलेल्या गटात आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ ४.३ महिन्यांवरून ११.२ महिन्यांवर गेला होता. डिसेंबर २०१४ मध्ये औषधाला मान्यता मिळाली. सोलो-१ या चाचणीत, पहिल्या उपचाराला प्रतिसाद दिलेल्या बीआरसीए-बाधित स्त्रियांत, सात वर्षांनी ओलापरिब गटातल्या ६७ टक्के हयात होत्या, प्लासिबो गटातल्या ४६.५ टक्के. प्रगत अवस्थेतल्या अंडाशयाच्या कर्करोगाची आधीची परिस्थिती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा आकडा किती मोठा आहे ते वेगळं सांगायला नको. स्तनाच्या सुरुवातीच्या अवस्थेतल्या कर्करोगात, ऑलिम्पिया चाचणीत, एक वर्ष ओलापरिब घेतलेल्यांपैकी ८५.९ टक्के तीन वर्षांनी आक्रमक आजारापासून मुक्त होत्या, न घेतलेल्यांपैकी ७७.१ टक्के.

पण सगळीकडे असं नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगात आजार थोपून राहण्याचा काळ जवळपास दुप्पट झाला, एकूण आयुष्य मात्र वाढलं नाही. प्रोस्टेटमध्ये बीआरसीए२ असलेल्यांना ठळक फायदा होतो, एटीएम या जनुकात बिघाड असलेल्यांना फारसा नाही, जरी दोन्ही जनुकं "डीएनए-दुरुस्तीची" म्हणून एकाच यादीत बसतात. आणि २०२२ मध्ये अमेरिकेत ओलापरिब, रुकापरिब आणि निरापरिब या तिन्हींची, अनेक केमो होऊन गेलेल्या अंडाशयाच्या कर्करोगातली उपचार म्हणून असलेली मान्यता कंपन्यांनी मागे घेतली, कारण दीर्घकाळच्या आकड्यांत केमोपेक्षा आयुष्य कमी भरण्याची चिन्हं दिसली. लवकर आणि योग्य रुग्णाला दिलं तर हेच औषध वर्षं मिळवून देतं, उशिरा दिलं तर कदाचित घेतंही.

उशिरा असं का व्हावं? कारण गाठ शिकते. २००८ मध्येच दिसलं होतं की बीआरसीए२ मध्ये काही अक्षरं गळाल्यामुळे प्रथिन अर्धवट बनत असेल, तर औषधाच्या दबावाखाली त्याच जनुकात आणखी एक बदल होऊन वाचनाची चौकट पुन्हा जुळते आणि कामचलाऊ प्रथिन तयार होऊ लागतं. दुरुस्ती येत नाही म्हणून मरणाऱ्या पेशींच्या गर्दीतून, ज्यांना दुरुस्ती पुन्हा जमली त्या तेवढ्या उरतात. प्लॅटिनम धातूच्या संयुगांची, डीएनएला इजा करणारी केमोही हीच निवड करते, म्हणून प्लॅटिनमला न जुमानणारी गाठ बहुधा पार्प-रोधकालाही जुमानत नाही. दुसरा मार्ग अधिक चमत्कारिक आहे. बीआरसीए१ नसलेल्या पेशीने ५३बीपी१ हे प्रथिनही गमावलं तर तिची बिनचूक दुरुस्ती बऱ्यापैकी परत येते. बीआरसीए२ नसेल तर असं होत नाही. शिवाय औषध पेशीबाहेर फेकणारे पंप वाढवणं वगैरे जुने मार्ग आहेतच.

यामुळेच तपासणीचा अहवाल वाचताना सावध राहावं लागतं. बीआरसीए उत्परिवर्तन नसलं तरी समरूप पुनर्संयोजन बिघडलेलं असू शकतं. अंडाशयाच्या हाय-ग्रेड सीरस प्रकारात साधारण निम्म्या गाठींत ते बिघडलेलं असतं. एचआरडी नावाची चाचणी ते ओळखायला गाठीच्या गुणसूत्रांवरच्या जुन्या जखमांच्या खुणा मोजते. एका प्रचलित चाचणीत ४२ किंवा वर आकडा आला की गाठ एचआरडी पॉझिटिव्ह. अडचण अशी की खुणा पुसल्या जात नाहीत. गाठीने दुरुस्ती परत मिळवली तरी आकडा चढाच राहतो. तो आकडा गाठीचा भूतकाळ सांगतो. आजची स्थिती त्यावरून गृहीत धरता येत नाही. जुन्या नमुन्यावरचा अहवाल घेऊन नवा निर्णय होत असेल तर हे डॉक्टरांना जरूर विचारा.

दुष्परिणामांत मळमळ, थकवा आणि रक्तक्षय नेहमीचे. हिमोग्लोबिन उतरणं हा औषधाच्या कामाचाच भाग आहे, म्हणून सुरुवातीला दर महिन्याला रक्त तपासतात. निरापरिबमध्ये प्लेटलेट्स लवकर घसरतात आणि रक्तदाब वाढू शकतो. ७७ किलोपेक्षा कमी वजन किंवा दीड लाखाखाली प्लेटलेट्स असतील तर त्याची सुरुवात ३०० ऐवजी २०० मिलिग्रॅमने करतात. ओलापरिब यकृतातल्या सीवायपी३ए या एन्झाइमाने मोडतं, त्यामुळे इट्राकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, अगदी ग्रेपफ्रूटचा रससुद्धा रक्तातली मात्रा वाढवतो, आणि रिफाम्पिसिन ती खाली आणतं. सर्वांत गंभीर धोका म्हणजे अस्थिमज्जेचा आजार, एमडीएस किंवा तीव्र मायलॉइड ल्युकेमिया. पहिल्या उपचारानंतर लगेच औषध घेणाऱ्यांत तो टक्का-दोन टक्क्यांच्या घरात असतो, पण आजार उलटलेल्या रुग्णांच्या सोलो-२ चाचणीत दीर्घकाळाने ओलापरिब गटात ८ टक्के आणि प्लासिबो गटात ४ टक्के आढळला. आधी झालेल्या प्लॅटिनम केमोचा त्यात वाटा आहे. तुमचा मूळ प्रश्न, दुरुस्ती अडवली तर कर्करोग व्हायला नको का, तो इथे मागच्या दाराने खरा ठरतो. म्हणूनच ही औषधं निरोगी माणसाला प्रतिबंधक म्हणून कुणी देत नाही.

पुढे काय येऊ घातलंय? माझा निकष तोच: गाठीत असा कोणता बिघाड आहे, ज्यामुळे हे एन्झाइम फक्त तिलाच जीवनावश्यक झालं? त्या कसोटीवर मला सर्वांत भक्कम वाटतं डब्ल्यूआरएन, हे डीएनएचे धागे उलगडणारं एन्झाइम. मॉड्रिच यांनी उलगडलेली मिसमॅच दुरुस्ती, म्हणजे नक्कल करताना चुकीची जुळलेली अक्षरं सुधारणारी यंत्रणा, बिघडलेल्या गाठींत, म्हणजे आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या काही कर्करोगांत, डीएनएतल्या टी-ए अक्षरांच्या पुनरावृत्ती लांबत जातात. त्या लांबलेल्या भागांत नक्कल अडते आणि ती सोडवायला डब्ल्यूआरएन लागतं. निरोगी पेशीत त्या लांबलेल्याच नसतात, त्यामुळे तिचं त्याच्यावाचून अडत नाही. २०१९ मध्ये हे नातं सापडलं आणि काही वर्षांतच रोधक रुग्णांपर्यंत पोहोचले. दुसरं पोल थीटा, बीआरसीए नसलेल्या पेशी ज्या चुकीच्या जोडणीवर जगतात ती करणारं एन्झाइम. नोव्होबायोसिन हे विस्मरणात गेलेलं जुनं प्रतिजैविक त्याला अडवतं हे २०२१ मध्ये दिसलं, आणि ५३बीपी१ गमावून सुटलेल्या पेशींवरही हा मार्ग प्रयोगांत चालतो. तिसरं, फक्त पार्प१ अडवणारी सारुपरिबसारखी संयुगं. रक्तावरच्या दुष्परिणामांत पार्प२ चा हात मोठा असल्याने त्याला वगळलं तर डोस चढता ठेवता येईल हा त्यामागचा विचार मला पटतो.

एटीआर आणि डीएनए-पीके या डीएनएच्या बिघाडाला तोंड देणाऱ्या आणखी दोन एन्झाइमांच्या रोधकांबद्दल मी जरा हात राखून आहे. एटीआर प्रत्येक विभाजणाऱ्या पेशीला लागतं, म्हणून ही औषधं बहुतेक वेळा काही दिवस द्यायची आणि काही दिवस थांबवायची अशी द्यावी लागतात. डीएनए-पीके अडवलं की किरणोपचाराचा जोर वाढतो हे खरं, पण किरणांच्या वाटेत आलेल्या निरोगी तोंडाच्या, घशाच्या, आतड्याच्या अस्तराचाही तोच जोर वाढतो. एमजीएमटीच्या वेळी अस्थिमज्जेने जो हिशेब मांडला तोच इथे हे अस्तर मांडतं.

राहिला निकोटिनामाइड. होय, तो पार्पचा रोधक आहे. पार्प एनएडी फोडतं तेव्हा निकोटिनामाइड बाहेर पडतो आणि एन्झाइमाच्या त्याच खोबणीत पुन्हा बसू शकतो; ३-अमिनोबेन्झामाइडपासून ओलापरिबपर्यंतच्या सगळ्या रेणूंत त्याचाच आकार जपलेला आहे. पण त्याची पकड ओलापरिबच्या तुलनेत कित्येक हजारपटींनी सैल आहे, आणि पार्प१ ला डीएनएवर अडकवून ठेवण्याचं काम तो करत नाही. उलट शरीर त्याच्यापासून एनएडी बनवतं, जो पार्पचा कच्चा माल आहे आणि खोबणीसाठी औषधाशी स्पर्धा करतो. एनएडी बनवणारं एन्झाइम अडवलं की पेशी ओलापरिबला अधिक बळी पडतात असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे एनएडी वाढवणं औषधाच्या विरुद्ध दिशेने जाण्याची शक्यता आहे. रोजच्या आहारातल्या बी३ची काळजी करू नका. पार्प-रोधक चालू असताना निकोटिनामाइडचे किंवा "एनएडी वाढवणारे" म्हणून विकले जाणारे मोठे डोस मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, आणि आधीच घेत असाल तर पुढच्या भेटीत ती बाटली सोबत न्या.